वाहता धबधबा

ऐन जानेवारीत स्पितीतला तो धबधबा खळाळत वाहत होता. अनघा सबनीस त्याच्यासमोर उभी होती. गोठलेल्या धबधब्यावर सर्वांत वेगाने चढण्याचा विक्रम तिने इथेच केला होता. दोन दिवसांपूर्वी बर्फ-चढाई महासंघाचा फोन आला होता. "अभिनंदन, मॅडम! आता जगात चढण्याजोगा एकही धबधबा गोठत नाही. स्पर्धा बंद करतोय. तुमचा विक्रम कायमचा."

फोन ठेवल्यावर तिला आनंद झाला नाही. ज्याला ही बातमी सांगावी असं एकच माणूस तिला आठवलं. खालच्या गावातली डोलमा, तिची प्रतिस्पर्धी. धबधबा गोठला त्या शेवटच्या हिवाळ्यात निसटत्या फरकाने हरलेली.

आता डोलमा शेजारी येऊन उभी राहिली. "मलाही कळलं, दीदी."

"तू मला हरवणार होतीस," अनघा म्हणाली.

"हरवलंच असतं," डोलमा शांतपणे म्हणाली.

अनघाला बरं वाटलं. "पुण्यात यंत्राने गोठवलेली भिंत आहे. तिथे ये. आपण दोघी चढू."

"तो बर्फ मुका असतो. फुटण्याआधी बोलत नाही." डोलमा पाण्याकडे पाहत राहिली. "मी रोज पहाटे येते इथे. बर्फावर चढायच्या कुऱ्हाडी घेऊन. घरचे हसतात."

"उद्या मलाही उठव."

दुसऱ्या दिवशी उजाडताना खिळ्यांचे बूट घातलेल्या दोन बायका वाहत्या पाण्यासमोर उभ्या होत्या. ऊन अंगावर आलं, तेव्हा डोलमाने हळूच विचारलं, "परत कधी जाणार?"

"अजून हिवाळा आहे," अनघा म्हणाली.