डावं वळण

शेवटचा बोल्ट आवळून मुकुंदरावांनी बायकोला हाक मारली. जुन्या फियाटची पुढची लांबलचक सीट काढून त्यांनी अंगणातच, स्वतःच्या हातानं, दोन सुट्या ऐटबाज सीट बसवल्या होत्या.

शालिनीताईंनी पुढचं दार उघडलं, आत पाहिलं, दार लावलं आणि त्या तरातरा मागं जाऊन बसल्या.

"अगं, पुढं ये की! आता पाठ दुखायची नाही."

"पाठीचं मेलं काय घेऊन बसलात? नवं लग्न झालं तेव्हा कुंभार्ली घाटात प्रत्येक डाव्या वळणाला मी घसरत तुमच्या खांद्यावर यायचे. आता कशी घसरू?"

मुकुंदराव कानापर्यंत लाल झाले. त्यांनी पुन्हा पाना उचलला.

संध्याकाळी जुनी सीट जागेवर आली. गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच शालिनीताई खांद्याला टेकल्या.

"अगं, वळण अजून लांब आहे!"

"असू दे. तुम्ही समोर बघा."