श्वासाचा आकडा

"सावकाश, एकसारखं फुंकत राहा. पडद्यावरचा चेंडू दोन रेषांच्या मधेच राहायला हवा," तंत्रज्ञ मुलगी म्हणाली.

समोरच्या खुर्चीतल्या बाईने कागदी नळी ओठांत धरली आणि फुंकलं. चेंडू दोनदा खाली आपटला. तिसऱ्या खेपेला कसाबसा तरंगला आणि पडद्यावर आकडा उमटला. मागच्या वेळेच्या जवळजवळ दुप्पट.

शेजारच्या स्टुलावर तिच्या नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला. "जमलं एकदाचं," तो पुटपुटला.

श्वासातला हा आकडा जितका मोठा, तितकी आतली सूज जास्त. रोजचं औषध घेऊनही सूज ठरलेल्या रेषेच्या वर राहिली, तरच नवं इंजेक्शन मिळणार होतं. त्याने दमाही आवरला असता आणि नाकात वाढलेलं मांसही आक्रसलं असतं. मागच्या वेळी तिची संधी थोडक्यात हुकली. औषधाने आकडा दाबून धरला होता, तिला जिना मात्र चढवत नव्हता. पास होण्यापुरतंही आजारी पडता येत नाही मला, असं म्हणून ती तेव्हा हसली होती. नवरा हसला नव्हता.

तंत्रज्ञ मुलीने आता रोजचं औषध कसं ओढता ते करून दाखवायला सांगितलं. सगळ्यांनाच सांगतो, म्हणाली. नवरा लगबगीने उठला. मी भरून देतो, तिला सवय नाही. ते खरंच होतं. रोज सकाळी औषधाच्या यंत्रात तोच कॅप्सूल घालून तिच्या हातात देई. शेजारणी म्हणत, नशीब काढलंस बाई, तळहातावरच्या फोडासारखं जपतो तुला. पण मुलीने त्याला खाली बसवलं आणि वापरलेली नळी टाकायला ती पाठमोरी झाली.

इकडे तिने आपल्या पर्समधून औषधाची बाटली काढली, त्यातली एक कॅप्सूल घेतली आणि खालची बाजू कोणती ते पाहायला उजेडात धरली. आत पांढरी पूड असायला हवी होती. काही नव्हतं. तिने दुसरी काढली. तीही तशीच. उघडून, रिकामी करून पुन्हा नीट मिटवलेली.

म्हणजे मागच्या तपासणीनंतर केव्हापासून तरी ती नुसती हवा ओढत होती. जिभेला तरी कळायला हवं होतं, पण नाक बंद झाल्यापासून तिच्या तोंडाची चवही गेली होती.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो फरशीकडे बघत होता. मग विचारायचं काही उरलं नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, तिला वाटलं, आणि रागाच्याही आधी तिला रडू आलं. ते तिने गिळलं. मुलगी वळली तेव्हा तिने रिकामी कॅप्सूल यंत्रात घालून तशीच ओढून दाखवली. छान जमतं की तुम्हाला, मुलगी म्हणाली.

डॉक्टरीणबाई आकडा बघून खूश झाल्या. औषध रोज घेत असाल तर पुढच्याच आठवड्यात इंजेक्शन सुरू करू, म्हणाल्या. घेताय ना?

"हो, अगदी न चुकता," नवरा म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. "बरेच दिवस औषध छातीत गेलेलंच नाही."

मग डॉक्टरीणबाईंनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. जिवाशी खेळ आहे हा, एवढंही कळत नाही का तुम्हाला. इंजेक्शनचं राहू द्या, आधी औषध नीट घ्या, तीन महिन्यांनी बघू. तिने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. नवऱ्याचं नाव काढलं नाही. तो फाइलमधले कागद जुळवत राहिला.

बाहेर बाकावर बसल्यावर मात्र त्याला राहवेना. सगळं तुझ्यासाठीच केलं, तो म्हणाला. नुसतं हो म्हणाली असतीस तर मोकळा श्वास घेतला असतास. इतक्या वर्षांनी तुला वास आला असता. एवढं केलेलं सगळं मातीत घातलंस.

तिला बोलायला दम पुरेना. धापा टाकतच तिने विचारलं, "परवा रात्री मी खिडकीशी तडफडत होते. मरते की काय म्हणत होते. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं," तो म्हणाला. "म्हणून तर उजाडेपर्यंत पाठ चोळत बसलो ना."

तिला खोकल्याची उबळ आली. त्याचा हात सवयीने तिच्या पाठीकडे गेला. तिने पाठ भिंतीला घट्ट टेकवली आणि तशीच खोकत राहिली.