कोपऱ्यातला ढग

आठ वर्षांच्या अनन्याला सिडनीजवळच्या टूनगॅबीतल्या शाळेच्या प्रदर्शनासाठी चित्र काढायचं होतं. तिची आई मिताली एक फांदी काढून द्यायला बसली आणि जॅकरँडाचं अख्खं जांभळं झाड फुलवूनच उठली. चित्राखालचं लेबल मात्र, कलाकाराच्या मनोगतासकट, मिसने वर्गातच मुलांकडून लिहून घेतलं. प्रदर्शनात ते वाचून शेजारचा दत्तप्रसाद गंभीरपणे म्हणाला, “अभिनंदन, वहिनी. आमच्या शौनकचं चित्रही मीच काढलंय, पण श्रेय मिळालं नाही.” मितालीने वाचलं: ‘कलाकार: माझी आई. कोपऱ्यातला ढग माझा. रंगवताना आई गाणं गुणगुणत होती. एरवी गुणगुणत नाही.’ तिचे कान तापले. “अनन्या, हे काय लिहिलंस?” “मिस सेड बी ऑनेस्ट, आई.” इंजिनिअरिंगला गेल्यापासून या चित्रापर्यंत मितालीने ब्रश धरला नव्हता. लेबल काढून टाकायला तिने हात पुढे केला. ते जरा तिरकं लागलं होतं. तिने ते सरळ करून चिकटवलं.