हॅकरची बोटं

मालिकेतला तो हॅकर आमच्या घरात शिरल्यापासून माझी किंमत पार घसरली आहे. मी कंप्युटर दुरुस्त करतो. कुणी पासवर्ड विसरला, तर मला अर्धा दिवस घाम गाळावा लागतो. हा पठ्ठ्या दहा सेकंद कीबोर्ड बडवतो आणि सगळ्या शहराचे दिवे घालवतो! माउसला तर हातही लावत नाही.

बायको डोळ्यांची पापणी न लववता बघत असते. काल माझा तोल सुटला. म्हटलं, "एवढं काय आहे गं त्याच्या थोबाडात?"

"थोबाड बघतंय कोण? ती बोटं बघा, कशी नाचतात! नाहीतर तुमची. साधं बरणीचं झाकण फिरत नाही त्यांनी. उगाच जळू नका त्याच्यावर."

मी दोन्ही हात उशीखाली सरकवले.



नटाला टाइप करता येत नाही, म्हणून पडद्यावर दिसतात ती बोटं माझी. पण हे घरीसुद्धा सांगणार नाही, अशा करारावर त्याच बोटांनी सही करून बसलोय.