एकशेबारावी जागा

"बलस्थान, कान. उणीव, वेग." हातानाका साहेबांनी बोगद्यातच कामाच्या मूल्यमापनाचा कागद वाचायला घेतला. "इवासे, तुझा कान लाखात एक आहे. तोच वाढव. फक्त जागोजागी थांबत बसू नकोस."

"अत्तराचा फाया ठेव आता त्या कानात," सोबतचा तपासनीस नुमाता खिदळला.

चिझुरू इवासे हसली नाही. तिचं काम सोपं होतं. लांब दांड्याची हातोडी छताच्या काँक्रीटवर मारायची, आवाज ऐकायचा, जागेकडे बोट रोखून ओरडायचं, "ठीक!" आवाज खणखणीत आला तर भरीव. बद्द आला तर आत पोकळ. दोन वाजता रस्ता खुला व्हायचा होता.

"साहेब, एकशेबारावर मी ठीक म्हणणार नाही. बद्द वाजतंय."

"सगळ्या जागा ठीक, असा अहवाल सकाळीच वर गेलाय."

"मोरितानीकाकांच्या कागदावर काय लिहिलं होतंत?"

नुमाताचं हसू गेलं.

"बलस्थान, वेग," तीच म्हणाली. "तोच वाढव म्हणालात. वाढवला बिचाऱ्यांनी. 'ठीक' म्हणून तोंड मिटायच्या आत छत अंगावर आलं."

हातोडी त्यांचीच होती. दांड्याला त्यांच्या अंगठ्याचा खळगा पडलेला. तिचा अंगठा रोज त्यात जाऊन बसायचा. आणि रोज, प्रत्येक ठोक्यानंतर, तिच्या आधी कुणीतरी "ठीक" म्हणायचं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय? कान चांगला ना तिचा!

"आण इकडे," साहेबांनी हातोडी हिसकावली. एकशेबाराच्या बरोबर खाली जाऊन उभे राहिले. दांडा वर उचलला.

मग त्यांचा डावा पाय मागे सरकला. मग उजवा. आणखी एक पाऊल. आता हात ताणूनही हातोडी जेमतेम पोचत होती. त्यांनी टिचकी मारावी तसा ठोका मारला.

बद्द.

नियमाप्रमाणे बोट वर गेलं. तोंड उघडलं. शब्द आला नाही.

"तुमच्या पायांनाही कान आहेत, साहेब," चिझुरू म्हणाली. "ते लिहा वर."

ती थांबली. ऐकत राहिली. आज तिच्या आधीही कुणी "ठीक" म्हटलं नाही.