घनमीटरचं गुपित

खुशाल रामटेकेनं प्रोग्रामात चोराला चकवायला चौदावी खोटी वाट घातली आणि समाधानानं हात चोळले. सागाच्या ओंडक्याची लांबी आणि घेर दिला की कॉम्प्युटर आता घनमीटर सांगणार होता. ते कसे काढले, हे मात्र कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

मोजणीचा प्रोग्राम आठ दिवसांत झाला होता. तो लपवायला चार महिने लागले. घेराचं नाव त्यानं बदलून 'क्यू सात' केलं, लांबीचं 'झेड झेड'. मधे मधे उत्तराशी काडीचा संबंध नसलेली आकडेमोड पेरली. मग सगळं यंत्राच्या भाषेत उतरवलं आणि तेवढीच फ्लॉपी आलापल्लीकडच्या एका लाकूड डेपोत नेऊन दिली. साल होतं अठ्ठ्याऐंशी. त्या भागात कॉम्प्युटर नुसता पाहिलेली माणसंसुद्धा बोटांवर मोजण्याइतकी. पण खुशालला धास्ती होती ती नागपूरच्या कॉम्प्युटर कंपन्यांची. याच प्रोग्रामवर त्याला आणखी सहा डेपोंचं काम मिळायचं होतं. त्या भरवशावर त्यानं चंद्रपुरात खोली घेऊन पाटीसुद्धा लावली होती.

आणि चोर आला. नागपूरच्या एका कंपनीचा भोयर डेपोत दुपारभर बसला आणि जाताना फ्लॉपीची नक्कल घेऊन गेला. हे कळल्यावर खुशालनं मित्रांना चहा पाजला.

"फोड म्हणा आता," तो म्हणाला. "टक्कल पडन त्याले, पण उत्तर नाई सापडणार."

महिन्याभरात सहाही डेपोंचं काम भोयरला मिळालं. त्याचा प्रोग्राम घनमीटर तर काढायचाच. वर ओंडक्याची साल आणि आतली पोकळी धरून किती सोडलं, तेही कागदावर छापून द्यायचा. यंत्र काय करतंय ते आपल्याला समजतं, याचंच साहेब लोकांना कोण कौतुक!

खुशालनं भोयरला एसटी स्टँडवर गाठलं. "माझं कुलूप तोडलं कसं, तेवढं सांगा."

भोयर ओशाळला. "खरं सांगू? आठ दिवस डोकं आपटलं. काही म्हणता काही कळलं नाही. जबरदस्त काम आहे तुमचं! शेवटी डेपोतल्या डोमाभाऊंना विचारलं."

डोमा आत्राम वीस वर्षांपासून त्या डेपोत टेप घेऊन ओंडके मोजत होता. खुशाल तडक त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"डोमाभाऊ, घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, सालीचं किती सोडायचं... सारं सांगून टाकलं त्याले? काऊन?"

डोमानं ओंडक्यावर खडूनं आकडा टाकला आणि कंबर सरळ केली.

"त्यानं इचारलं, म्या सांगतलं. तुमी इचारलं तवा तुमाले नाई सांगतलं का, बाबू?"