अजून दोन रविवार

रविवारी दुपारी मेलबर्नहून विश्वजीतचा व्हिडिओ कॉल आला, की शिरूरच्या गॅरेजात सुभानमामा जीपखाली शिरायचे. हात ग्रीसनं माखलेले, म्हणून फोन दुसरं कुणीतरी धरायचं. वडिलांची जुनी जीप पुन्हा डोंगर चढताना बघायची, या ध्यासानं विश्वजीत तिकडं खोलीभर येरझाऱ्या घालायचा.

"मामा, आधी कॅमेऱ्यावरचा तो अंगठा काढायला सांगा. जीप दिसू दे."

अंगठा बाजूला झाला.

"आईला फोन करतोस का रं?" जीपखालून मामांनी विचारलं.

"करतो की. पण दोन मिनिटांच्या वर बोलणार काय? जेवलास का, झोपलास का, संपलं. तुम्ही जीपचं सांगा. तासन् तास नुसती बघतोय मी. झाली का नाही?"

मामांनी मान बाहेर काढून फोन धरणाऱ्याकडं पाहिलं. तिकडून मान हलली, नको.

"गिअरबॉक्स परत उतरवावा लागंल. अजून दोन रविवार धर."

"कमाल आहे मामा तुमची!" विश्वजीतनं चिडून फोन ठेवला.

स्क्रीनवरचा ग्रीसचा डाग पदरानं पुसत त्याची आई म्हणाली, "लई वाळलाय वो. दिवाळीपासनं गाडी नीट हाय, पर त्याला ठावं न्हाई, म्हणून निदान दिसतोय तरी. पुढच्या रविवारी काय बिघडवायचं, भाऊ?"